गच्चीवरच्या १२ पिशव्या, एक वाफा आणि कोबीचं हायब्रीड बी: वाण कसा निवडायचा?

गच्चीवाली
पुण्यात गच्चीवर २० लिटरच्या १२ ग्रो बॅग आहेत आणि खाली अंगणात ४ फूट बाय ८ फुटांचा एक वाफा. ऊन सकाळी ८ ते दुपारी ३. यंदा दोन्हीकडे पानकोबी लावायचा विचार आहे. दुकानात हायब्रीडची दहाएक पाकिटं मांडलेली असतात, सगळ्यांवर चित्र तेच: पांढरट हिरवा, गुळगुळीत, चेंडूसारखा गड्डा. कोणी 'गोल्डन एकर'च घ्या म्हणतं, कोणी म्हणतं हायब्रीडशिवाय गड्डा भरत नाही. चित्र सोडून पाकिटावर नेमकं काय वाचायचं?

विळाकोयता
तीन गोष्टी वाचायच्या: दिवस, गड्ड्याचं वजन आणि हंगाम. चौथी गोष्ट पाकिटावर असतेच असं नाही, पण घरच्या बागेला तीच सगळ्यात महत्त्वाची. तयार झालेला गड्डा न तडकता झाडावर किती दिवस टिकतो, ती.

शेतकऱ्याला अख्खा प्लॉट एका तोडणीत, फार तर दोन तोडण्यांत मोकळा करायचा असतो, म्हणून सगळे गड्डे एकाच आठवड्यात आणि एकाच मापाचे येणं हा हायब्रीडचा मोठा गुण. आपल्याकडे तोच गुण डोक्याला ताप होतो. चार माणसांच्या घरात एकाच आठवड्यात पंधरा गड्डे आले तर शेजाऱ्यांनाही कोबीची भाजी नकोशी होईल. त्यामुळे शेतीतलं सर्वोत्तम हायब्रीड घरी सर्वोत्तम ठरेलच असं नाही. लहान गड्ड्याचा, लवकर येणारा आणि झाडावर टिकणारा वाण शोधा. दीड-दोन किलोच्या वर वजन लिहिलेलं पाकीट परत ठेवा.

आणि पाकिटावरचे '६० दिवस' हे पुनर्लागणीपासूनचे, म्हणजे ट्रेमधलं रोप वाफ्यात लावल्यापासूनचे असतात, बी टाकल्यापासूनचे नव्हेत. रोपांचे २५-३० दिवस त्यात वेगळे मिळवायचे. पिशवीत आणखी आठ-दहा दिवस धरा.

काळीमाती
वाणांची नावं टाकतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

गोल्डन एकर: हायब्रीड नाही, सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी पुढच्या वर्षी तसंच उगवतं. लागणीपासून ६०-६५ दिवस, गड्डा १ ते दीड किलो, बाहेरची पानं कमी, म्हणून दाट लागणीला चांगला. दोष एकच, पण मोठा. तयार झाल्यावर थांबत नाही, पाणी जरा जास्त झालं की तडकतो.

श्री गणेश गोल आणि हरी राणी गोल: दोन्ही जालन्याच्या महिकोची जुनी, नावाजलेली हायब्रीडं. गोल, घट्ट गड्डे. हरी राणी गोल जास्त दिवस घेतो. वाफ्यात दोन्ही चालतील, पिशवीत मी यांच्या वाटेला जाणार नाही.

केके क्रॉस: जपानच्या ताकी कंपनीचं हायब्रीड, ओळख म्हणजे उष्णता सोसणं. रात्री थंड होत नाहीत अशा भागांसाठी या जातकुळीतलंच बी घ्यावं.

पुसा मुक्ता: सरळ वाण, घाण्या या पानं पिवळी-काळी करणाऱ्या जिवाणूजन्य रोगाला बराच सहनशील.

पुसा ड्रमहेड: चपटा, अवाढव्य, उशिरा येणारा, लांबलेली थंडी मागणारा. पुण्यात घरच्या बागेसाठी नको.

मीठभाकर
हायब्रीडचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गोल्डन एकरचं घरी धरता येईल ना? मला तरी तो मुद्दा मोठा वाटतो.

काळीमाती
टोमॅटो-वांग्यात हा मुद्दा अगदी बरोबर आहे, कोबीत लंगडा पडतो. कोबीला फुलोरा यायचा तर रोप पेन्सिलीएवढ्या जाड दांड्याचं झाल्यावर ४ ते १० अंश तापमानात कित्येक आठवडे राहावं लागतं. पुण्यात, नगरला, नागपुरात सलग इतकी थंडी पडत नाही. झाड गड्डा धरतं, म्हातारं होतं, सडतं, पण फुलांचा दांडा टाकत नाही. म्हणूनच गोल्डन एकरसारख्या वाणांचं बी कुलू-मनाली आणि काश्मीरकडच्या थंड खोऱ्यांत तयार होतं. कुलू खोऱ्यात कटराईनला भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, ते याच कारणाने. 'पुसा अगेती' हा अपवाद, तो मैदानी हवेतही बी देतो. पण कोबीत परपरागीकरण होतं. जवळपास फुलकोबी किंवा नवलकोल फुलावर असेल तर पुढच्या वर्षी काय उगवेल ते देव जाणे.

थोडक्यात, आपल्या हवामानात सरळ वाण घ्या की हायब्रीड, बी विकतच घ्यायचं आहे.

पाचट
पाकीट १० ग्रॅमचं मिळतं, त्याचा हिशोब कुणी मांडला का? कोबीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया. १० ग्रॅम म्हणजे ३००० रोपं, ४५ बाय ४५ सेंमीवर सहा गुंठे रान. गच्चीवालींना लागतील फार तर ४० बिया. चौघा-पाचजणांनी मिळून एक पाकीट घ्या. उरलेलं बी छोट्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. कोरडं राहिलं तर तीन वर्षं बऱ्यापैकी उगवतं. दरवेळी बाटली बाहेर काढली की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण उघडा. नाहीतर आत दव धरतं आणि बी मरतं.

गुलाबी किंवा निळा रंग असलेलं बी बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा, आणि ते बी पुन्हा गरम पाण्यात वगैरे घालू नका.

गच्चीवाली
हे सगळं सोन्यासारखं आहे. आता रोपं. गेल्या खेपेला ट्रेमधली अर्धी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली आणि उरलेली लांबुडकी झाली.

विळाकोयता
दोन वेगळे आजार आहेत, औषधही वेगळं.

आडवी पडली ती रोपकोलमड. बुरशी कोकोपीटमध्ये असते, बळ तिला साचलेल्या पाण्यातून मिळतं. ९८ किंवा १०४ कप्प्यांचा प्रो ट्रे (रोपं वाढवायचा प्लॅस्टिकचा ट्रे) वापरत असाल तर कोकोपीट मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळावेत, धार लागू नये. किलोभर कोकोपीटला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) भुकटी १० ग्रॅम मिसळून एक दिवस झाकून ठेवा, मग भरा. बी अर्धा सेंमी खोल, कप्प्यात एकच. वरून कोकोपीटचा पातळ थर, एकदा पाणी, आणि ट्रे झाकून सावलीत. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उचलून बघायचं. पहिला पांढरा कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात.

लांबुडकी झाली ती या 'त्याच दिवशी'ला उशीर झाला म्हणून. एक दिवस जास्त झाकलं तरी दांडा दोन इंच ताणतो आणि तो परत आखूड होत नाही. अशी रोपं लावायचीच असतील तर दोन बीजपत्रांपर्यंत, म्हणजे सगळ्यात आधी आलेल्या दोन पानांपर्यंत, मातीत दाबा. शेंडा मात्र उघडा राहिलाच पाहिजे.

खरी पानं दोन झाली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. लागणीआधी चार-पाच दिवस पाणी निम्म्यावर आणा आणि ट्रे पूर्ण उन्हात ठेवा. पानांवर निळसर मेण चढलं की रोप तयार. २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं रोप लावा. ४० दिवसांचं झालेलं, मुळं कप्प्यात गोल फिरलेली रोपं फुकट मिळाली तरी घेऊ नका, त्यांचे गड्डे लिंबाएवढे राहतात.

पाचट
तारखाही देऊन टाका. पुण्यासाठी एकदम ४० बिया टाकण्यापेक्षा तीन हप्ते: ५ सप्टेंबर, २५ सप्टेंबर, १५ ऑक्टोबर. ६०-६५ दिवसांचा वाण असेल तर वाफ्यातले गड्डे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाताळात आणि जानेवारीच्या मध्याला येतात. पहिला हप्ता पावसात सापडतो, म्हणून ट्रेवर प्लॅस्टिक हवं. नोव्हेंबरअखेर टाकलेलं बी गड्डा भरायच्या वेळी फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात अडकतं. पानं भरपूर, गड्डा पोकळ.

गच्चीवाली
आणि माती-खत? वाफ्याचं आणि पिशवीचं वेगळं सांगाल का?

खुरपं
वाफा आधी. ४ बाय ८ फूट म्हणजे जवळजवळ ३ चौरस मीटर. ४५ बाय ४५ सेंमीवर तीन ओळी, ओळीत पाच, अशी १५ रोपं. गोल्डन एकर किंवा लहान गड्ड्याचं हायब्रीड असेल तर ४५ बाय ३० वर २४ बसतात आणि गड्डे लहान पण घट्ट येतात. घरात एका वेळच्या भाजीला अर्धा-पाऊण किलोचा गड्डा पुरतो, म्हणून माझं मत दाट लागणीकडे. दाट लागण हे गड्ड्याचं माप आटोक्यात ठेवायचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. फक्त हवा कमी खेळते, म्हणून घाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

एवढ्या वाफ्याला कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट १० किलो, निंबोळी पेंड अर्धा किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १५० ग्रॅम, पोटॅश ३५-४० ग्रॅम, बोरॅक्स ३ ग्रॅम. हे लागणीआधी मातीत. बोरॅक्स वजन करून घ्या, मूठ-चिमटीचा अंदाज नको. कमी पडलं तर दांडा आतून पोकळ आणि तपकिरी होतो, जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात. मधली वाट फार अरुंद आहे. ३ ग्रॅम दोन लिटर पाण्यात विरघळवून झारीने सारखं पसरवा.

युरिया एकूण १०० ग्रॅम, तीन हप्त्यांत: लागणीनंतर १० दिवसांनी, २५ दिवसांनी आणि मधली पानं आत वळायला लागली की शेवटचा. गड्डा हाताला लागायला लागल्यावर युरिया बंद म्हणजे बंद. त्यानंतरचं नत्र तडकायला आणि आतली पानं करपायला मदत करतं. दुसऱ्या हप्त्याबरोबर बुडाशी माती चढवा, गड्डा जड झाला की झाड कलंडतं.

पिशवीचं मिश्रण: पोयट्याची माती ४ भाग, कंपोस्ट ४, कोकोपीट २. एका पिशवीला निंबोळी पेंड १०० ग्रॅम, सुपर फॉस्फेट १० ग्रॅम, पोटॅश ३ ग्रॅम. युरिया दरवेळी २ ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा, दांड्यापासून चार बोटं लांब. कच्चं शेण अजिबात नको, मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण.

मीठभाकर
२० लिटरच्या पिशवीत दोन रोपं बसतात असं बरेच ठिकाणी वाचलं आहे.

खुरपं
बसतात, गड्डा एकाचाच भरतो. दुसरं पानांचा झुपका होऊन पाणी पीत राहतं. एका पिशवीत एकच. शेवटी गड्डा भरताना त्या एकट्यालाच दिवसाला एक ते दीड लिटर पाणी लागतं.

कुळागर
गोवा आणि तळकोकणासाठी दोन ओळी. आमची लाल जांभ्याची माती आम्लधर्मी, सामू (पीएच) बहुधा साडेपाचच्या आसपास. कोबीला ६ ते ६.८ लागतो. लागणीआधी तीन-चार आठवडे चौरस मीटरला २०० ग्रॅम चुनखडीची भुकटी मातीत मिसळा. चुना आणि युरिया एकाच दिवशी नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. दुसरं, आमच्याकडे थंडीतही रात्री फारशा गार होत नाहीत, म्हणून गोल्डन एकर इथे भरवशाचा नाही. उष्णता सोसणारं हायब्रीडच, आणि बी ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे गड्डा जानेवारीत भरतो.

विळाकोयता
बरोबर. गड्डा भरायला दिवसाची सरासरी १५ ते २० अंश उत्तम. उष्ण भागातली हायब्रीडं त्यापेक्षा बरंच जास्त सोसतात. कोकणात हायब्रीडचा खरा फायदा तिथे आहे, वजनात नाही.

गच्चीवाली
आता अळी. गेल्या वर्षी पानांची चाळण झाली होती. आणि एका रोपाला एक मोठा गड्डा यायच्या ऐवजी चार-पाच सुपारीएवढे आले.

पाचट
चाळण करणारी म्हणजे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. बोटाने डिवचली की वळवळत मागे सरकते आणि धाग्याला लोंबकळते, ही ओळख. कोवळी अळी पानाची खालची बाजू खरवडते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पान उन्हात धरलं की काचेची खिडकी दिसते. त्या खिडक्या दिसल्या त्याच संध्याकाळी फवारणी. भोकं दिसेपर्यंत थांबलात तर अळी मोठी झालेली असते आणि तिला औषध लागू पडत नाही.

सुपारीएवढे चार-पाच गड्डे देणारी बहुधा गड्डा पोखरणारी अळी. ती रोपाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शेंडा खाते. शेंडा गेला की बगलेतले डोळे फुटतात आणि प्रत्येकजण आपला छोटा गड्डा धरतो. रोपाच्या मधोमध अळीने विणलेली जाळी आणि विष्ठा दिसली की पिनेने अळी काढा. शेंडा गेलेला असेल तर ते रोप उपटून राखीव रोप लावा, म्हणूनच दोन-तीन रोपं जास्त ठेवायची.

उपाय स्वस्तापासून:
लागणीच्या दिवसापासून ४० मेशची, म्हणजे बारीक विणीची कीटकरोधक जाळी, कडा मातीत दाबून. पिशव्यांना हे अगदी सोपं, तारेच्या कमानी पुरतात. कोबीला परागीकरण लागत नाही, त्यामुळे जाळी शेवटपर्यंत ठेवली तरी चालते.
निंबोळी अर्क ५ टक्के: ५० ग्रॅम कुटलेला निंबोळीचा गर रात्रभर १ लिटर पाण्यात, सकाळी गाळून, त्यात साबण २ ग्रॅम. साबण विसरायचा नाही. कोबीचं पान मेणाचं, साधं पाणी पाऱ्यासारखं घरंगळून जातं.
बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस: भुकटी लिटरला १ ते २ ग्रॅम, सूर्य मावळल्यावर, पानाच्या खालच्या बाजूने. उन्हात त्याची ताकद जाते. आठवड्याने पुन्हा.

काळीमाती
मोहरीची सापळा ओळ राहिली. शेतात कोबीच्या २५ ओळींना मोहरीच्या दोन ओळी लावतात, पहिली कोबीच्या १५ दिवस आधी आणि दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर जास्त अंडी घालतो. गच्चीवर एका पिशवीत मोहरी पेरून ती कोबीपासून थोडी लांब ठेवा, पण त्या मोहरीवर बीटी मारायला विसरलात तर सापळा कसला, ती अळ्यांची शाळा होते.

मीठभाकर
माझा प्रश्न घाण्याचा. पिवळी कड दिसली की तोच समजायचा का?

काळीमाती
कड सगळी सारखी पिवळी असेल तर अन्नाची कमतरता किंवा जुनं पान. घाण्याची खूण इंग्रजी व्ही अक्षरासारखी: रुंद बाजू पानाच्या काठाला, टोक मधल्या शिरेकडे, आणि त्या पिवळ्यातल्या शिरा काळ्या. देठ आडवा कापला तर काळ्या ठिपक्यांचं कडं दिसतं. जिवाणू आहे, बियांतून येतो आणि उडणाऱ्या पाण्याने पसरतो. म्हणून झारीने वरून पाणी नाही, बुडाशी द्या. लागलेलं पान कोरड्या वेळी काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका. रंग न लावलेलं बी असेल तर ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. थर्मामीटरशिवाय हे करू नका, ५५ अंशांवर बी उकडून निघतं. त्या वाफ्यात पुढची दोन वर्षं कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी काहीच नाही. मेथी, वाटाणा, टोमॅटो घ्या.

गच्चीवाली
शेवटचं. तयार गड्डा झाडावर टिकवायचा कसा? सगळे एकदम काढायचे नाहीत.

विळाकोयता
अंगठ्याने माथा दाबा. लागत असेल पण दबत नसेल तर तयार. ज्यांना थांबवायचं आहे त्यांचं पाणी निम्म्यावर आणा आणि गड्डा दोन्ही हातांनी धरून झाड बुडातून पाव वळसा फिरवा, बारीक मुळं तुटल्याचा आवाज येईपर्यंत. पाणी ओढण्याची ताकद कमी होते, तडकणं आठ-दहा दिवस लांबतं. कोरडं पडून मग एकदम भरपूर पाणी, हे मात्र कुठल्याही हायब्रीडला फोडतं. चार दिवस गावाला जाऊन आल्यावर झारी रिकामी करायची हौस आवरा.

खुरपं
आणि काढताना झाड उपटू नका. बाहेरची दोन-तीन पानं गड्ड्याला ठेवून विळ्याने कापा, खाली चार-पाच पानांचा बुडखा राहू द्या. बुडख्याच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी सेंमीभर खोल चीर द्या, पिशवीला २ ग्रॅम युरिया आणि पाणी चालू ठेवा. पाच-सहा आठवड्यांत तीन-चार मुठीएवढे गड्डे येतात. डिसेंबरच्या हप्त्यावरच करा, जानेवारीअखेरच्या बुडख्याला नंतर ऊन गाठतं.

गच्चीवाली
वाफ्याला गणेश गोल आणि पिशव्यांना गोल्डन एकर असं ठरवते आहे. गोल्डन एकर तडकतो म्हणालात, तरी?

काळीमाती
पिशवीला चालेल. रोजचं पाणी तिथे तुमच्या हातात आहे, पावसाच्या नाही. फक्त १२ पिशव्या तीन हप्त्यांत चार-चार अशा लावा.